माझ्या अक्षरातले नियम

मी उंबऱ्याशी आलो आणि उभी असलेली सगळी पोरं खाली बसली.

माझ्या मास्तरकीचा तो पहिला दिवस. पोरं उभी राहून पाढे म्हणत होती. बे एके बे, बे दुणे चार. मोठे मास्तर समोर छडी घेऊन उभे होते. त्यांनी मला पाहिलं, छडी टेबलावर आपटली आणि म्हणाले, “तो आला. बसा आता.”

जगात कुठंही मास्तर आला की पोरं उठतात. माझ्यासाठी ती बसली. नुसती बसली नाहीत, पाय लांब करून बसली. पहिल्या रांगेतल्या एकानं दोन्ही तळवे माझ्याकडं केले आणि बोटं हलवली. कोणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. हसण्यात निदान चोरी असते. इथं चोरी नव्हती. आदल्या दिवशी त्यांना तसं बसायला शिकवलं होतं. दोनदा सराव करून घेतला होता. हे मला नंतर कळलं.

माझ्या अंगात नवा सदरा होता. डोक्यावर टोपी. काखेत टाचणवही. मी तसाच उभा राहिलो. काय करायचं ते सुचेना. मास्तरकीच्या शिक्षणात हे कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य. आमचं गाव पिंगळीच्या ठेसनापासून दोन कोसांवर. गावाच्या खालच्या अंगाला महारवाडा. बा गावची महारकी करायचा. सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, कोणी साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं काठी घेऊन पळायचं. माझा मामा परभणीला रेल्वेच्या गँगमध्ये होता. त्याच्याकडं राहून मी शिकलो. मिडल पास झालो. मग मास्तरकीचं शिक्षण घेतलं. आमच्या गावात बाहेरचा मास्तर टिकत नव्हता. वाट चिखलाची, गावात तापाची साथ. शेवटी खात्यानं मलाच माझ्या गावी धाडलं. पहिल्या जमातीसाठी, म्हणजे पहिलीच्या वर्गासाठी.

शिकताना आम्हाला एक म्हातारे मौलवीसाहेब होते. उर्दूत बोलायचे. “सबक पहले कागज पर, फिर जमात में,” असं रोज म्हणायचे. पाठाचं टाचण कसं काढायचं ते त्यांनी शिकवलं. त्यांचं सांगणं असं, की पहिल्या पानावर धडा लिहायचाच नाही. पहिल्या पानावर लिहायचं, आपल्या वर्गात मुलांनी कसं वागायचं. ते मुलांना पहिल्या दिवशी वाचून दाखवायचं. समजावून सांगायचं. आणि आपण कसं वागणार तेही सांगायचं. जे आधी सांगितलं नाही, त्यासाठी लेकराला शिक्षा करायची नाही.

मला हे लय आवडलं होतं. कारण आमच्या आयुष्यात कोणी काही आधी सांगतच नसे. मार बसला की कळायचं, नियम मोडला.

म्हणून मी घरी बसून पहिलं पान लिहिलं होतं. एकानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. पाटी थुंकीनं पुसू नये. समजलं नाही तर हात वर करावा, लाज धरू नये. आणि शेवटी, मास्तर चुकला तर मास्तरला सांगावं. हे शेवटचं लिहिताना मला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

मोठ्या मास्तरांनी वही खाली ठेवायला सांगितली. मी ओट्यावर ठेवली. त्यांनी छडीच्या टोकानं पान उघडलं. वाकून वाचलं. म्हणाले, “हे तुझ्या परभणीला. इथं मी सांगतो तसं लिही.”

ते आतून सांगत गेले. मी ओट्यावर मांडी घालून लिहीत गेलो. पोरं बघत होती.

सहायक मास्तराने उंबऱ्याच्या आत येऊ नये, ओट्यावरून शिकवावे. मुलांनी त्यास उठून मान देऊ नये. मुलाची पाटी त्याने हाती घेऊ नये. मुलाने पाटी जमिनीवर ठेवून मागे सरावे, त्याने दुरून पाहावी. गावातील मुलास त्याने शिक्षा करू नये. शाळेत पाणी मागू नये. महारवाड्यातील मुलांनी ओट्याच्या टोकाला, जोड्यांच्या पलीकडे बसावे.

लिहून झालं. मला वाटलं, संपलं.

“आता वाच,” मोठे मास्तर म्हणाले. “मुलांना समजलं पाहिजे. दर शनिवारी वाचायचं. शुक्रवारच्या सुट्टीत विसरतात ती.”

मी वाचलं. माझा आवाज चांगला होता. मोठा, स्पष्ट. परभणीला मला त्याची शाबासकी मिळाली होती.

घरी येऊन बाला म्हणालो, “बा, मी न्हाई जाणार उद्या.”

बा काठीला तेल लावत होता. मान वर न करता म्हणाला, “वाचल्यानं तोंड झिजतंय का?”

“माझ्याच हातानं लिहून घेतलं.”

“मग? तुला लिवता येतंय म्हून लिवून घेतलं. मला कोण सांगंल लिव म्हून?” त्यानं काठी भिंतीला टेकवली. मग हळूच म्हणाला, “आज जोहार घातला तवा देशमुखानं मला नाव घेऊन हाक मारली रे. इतक्या वर्सांत पयल्यांदा.”

मी दुसऱ्या दिवशी गेलो.

दोन वर्षं गेलो. दर शनिवारी वाचलं. शाळा म्हणजे कापसाची जुनी वखार. पुढं शहाबादी फरशीचा ओटा. फळा दाराशी टेकवलेला. मी ओट्यावर, गावातली पोरं आत, आमची चार-पाच ओट्याच्या टोकाला. पाठ कसा मांडायचा, प्रश्न कसा विचारायचा, सगळं मी मौलवीसाहेबांनी सांगितलं तसं करायचो. पोरं शिकत होती. मला सात हातांवरून पाटी वाचायची सवय झाली. नजर घारीसारखी झाली.

एकदा पाटलाच्या भावकीतल्या एका लेकराला हातच्याची वजाबाकी जमली. महिनाभर जमत नव्हती, एकदम जमली. ते आनंदानं धावत बाहेर आलं आणि पाटी माझ्या हातात दिली. मीही घेतली. दोघंही विसरलो. मी म्हणालो, “शाबास!”

आतून आवाज आला. “तिसरा नियम वाच.”

मी वाचला. त्या लेकराला विहिरीवर नेऊन अंगावर पाणी ओतलं. गोमूत्र शिंपडलं. थंडीचे दिवस होते. ते काकडत परत आलं. तेव्हापासून त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. वजाबाकीही पुन्हा चुकायला लागली. मी दुरून बघायचो. हातचा घ्यायचा तो विसरायचा, आणि मला पुढं जाऊन बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

मला एक आशा होती. तपासणीची.

तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब वर्षातून एकदा यायचे. टाचणवह्या बघायचे. मी मनात ठरवलं, हे सगळं कागदावर आहे. माझ्या तोंडचं नाही, कागदावर. साहेब परक्या मुलखातले, शिकलेले. वाचतील तर त्यांना लाज वाटेल. म्हणून मी पहिलं पान पुन्हा लिहून काढलं. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला उर्दू. बोरू नवा केला. एक शाईचा डाग पडू दिला नाही. आयुष्यात इतकं सुंदर मी काही लिहिलं नव्हतं.

साहेब टांग्यातून आले. टांग्यापुढं माझा बा पळत होता. धापा टाकत. शाळेपाशी टांगा थांबला तसा तो बाजूला जाऊन भिंतीच्या कडेला उकिडवा बसला. खोकत राहिला. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. साहेबांना तो माझा बाप आहे हे कळू नये असं मला वाटलं. हे लिहायला मला आजही जड जातं.

साहेबांनी वही घेतली. उर्दूची बाजू वाचली. पुन्हा वाचली.

“ये किसने लिखा?”

“मैंने, साहब.”

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. मी ओट्यावर होतो, ते आत खुर्चीवर. मला वाटलं, आता. आता बोलतील.

“खत बहुत अच्छा है,” माझ्या अक्षरावरून बोट फिरवत ते म्हणाले. “बिलकुल साफ.”

मग मोठ्या मास्तरांकडं वळून, “झगडा-फसाद नहीं है, यही बहुत है. इनसे दो नकलें करवा लीजिए. और दो गाँवों में यही झमेला है.”

मी नकला केल्या. दोन. ओट्यावर बसून. एक जिंतूरच्या बाजूला गेली. दुसरी कुठं गेली, माहीत नाही. ज्या गावाचं मी तोंड पाहिलं नाही, तिथंही माझ्यासारखा कोणीतरी उंबऱ्याबाहेर उभा राहून माझं अक्षर मोठ्यानं वाचत असणार.

त्यानंतर माझं मन मेलं. खरं सांगतो. शनिवार आला की तोंड आपोआप चालायचं. वही उघडायचीही गरज राहिली नाही.

उन्हाळा आला. सकाळची शाळा सुरू झाली. तरी दहाच्या सुमाराला ऊन ओट्यावर चढायचं आणि फरशी तापायची. ओट्याच्या टोकाला आमची पोरं बसत त्यांत गजरा होती. नऊ वर्षांची. महारवाड्यात लिहायला-वाचायला शिकलेली पहिली पोरगी. वाड्यात मला दादा म्हणायची, शाळेत गुरुजी. अक्षर दिसलं की वाचायची. काडेपेटीवरचं वाचायची, पुडीच्या कागदावरचं वाचायची. तिची माय रानात जायची म्हणून धाकट्या बहिणीला, धुरपाला, ती सोबत आणायची. धुरपा चार वर्षांची असेल. अंगात परकराचा तुकडा, पाय उघडे.

एक दिवस मोठ्या मास्तरांनी मला मागच्या अंगणातून नकाशाची गुंडाळी आणायला धाडलं. वही मी ओट्यावरच ठेवून गेलो. परत आलो तर धुरपा सरकत सरकत दारापाशी आली होती. तिथं हातभर सावली होती. त्या सावलीत ती अंग चोरून बसली होती. आणि गजराच्या मांडीवर माझी वही.

ती अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. “म… हार… वा… ड्यातील… मु… लां… नी… ओट्याच्या… टो… का… ला…”

मग तिनं धुरपाचा दंड धरला. “ऊठ. हितं न्हाई बसायचं.”

“का?”

“लिवलंय. हे बघ. दादानं लिवलंय.”

धुरपानं वहीकडं पाहिलं. तिला काय कळणार? ती उठेना. गजरानं तिला ओढत टोकाला नेलं आणि उन्हात उभं केलं. धुरपा एक पाय उचलायची, तो टेकवून दुसरा उचलायची. रडत नव्हती. पाय तेवढे बदलत होती.

गजरानं मला पाहिलं. तिचं तोंड फुललं. “गुरुजी, समदं वाचलं म्या! येक बी अक्षर चुकलं न्हाई!”

मी शाबास म्हणायला हवं होतं. तिला वाचायला मीच शिकवलं होतं.

मी धुरपाच्या पायांकडं बघत राहिलो. मला वाटायचं, मी फक्त वाचतो. नियम त्यांचे, मी नुसतं तोंड. पण गजराला त्या वहीत मोठे मास्तर दिसत नव्हते, देशमुख दिसत नव्हता. तिला दादाचं अक्षर माहीत होतं. तिच्या लेखी तो नियम माझा होता. आणि खरंच, वहीत दुसऱ्या कोणाचं अक्षर नव्हतं.

तो बुधवार होता. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी नवं टाचण काढलं. पहिल्या पानावर जुनेच, मौलवीसाहेबांकडून शिकलेले नियम लिहिले. त्याखाली एक नवीन. ज्याला ऊन लागते त्याने आत येऊन बसावे.

शनिवारी मोठे मास्तर देशमुखांकडून यायला उशीर करत. मी ते आधीच हेरलं होतं. मी उंबरा ओलांडला. आत गेलो. फळा उचलून भिंतीला लावला. पोरं गार झाली. मी नवं पान वाचलं, जसं वाचायला शिकवलं होतं तसं. सावकाश, एकेक वाक्य. प्रत्येकाचा अर्थ सांगितला. मग बाहेर बघून म्हणालो, “गजरा, आत ये.”

ती हलली नाही.

“ये ना.”

“न्हाई, गुरुजी. वहीत तसं न्हाई.”

“नवीन लिहिलंय. हे बघ.” मी वही तिच्यापुढं धरली.

ती पानाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. तिला पटेना. दोन वर्षं तिनं दर शनिवारी दुसरंच ऐकलं होतं. ती पुन्हा बोट ठेवून वाचायला लागली. “ज्या… ला… ऊ… न…”

धुरपाला वाचता येत नव्हतं. ती सरळ आत आली आणि गारव्याला बसली.

दोन पोरं मागच्या दारानं पळाली. बाकीची जागीच राहिली. पाटलाच्या भावकीतलं ते लेकरू थोडं सरकलं. धुरपापासून दूर सरकलं, की तिला जागा करून दिली, मला सांगता येणार नाही.

गजराचं वाचून झालं नव्हतं तोच मोठे मास्तर आले.

त्यांनी मला हात लावला नाही. विटाळ झाला असता. वही माझ्या हातून खाली टाकायला लावली, छडीनं पान धरलं आणि पायानं फाडलं. धुरपाच्या पाठीत छडी बसली. तेवढी एकच. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

दुपारी चावडीवर बोलावणं आलं. देशमुख बाजेवर, शेजारी पाटील आणि मोठे मास्तर. बा आधीच उन्हात उभा होता. त्याच्या डोक्यावरचा पटका काढून त्याच्याच पायाशी टाकलेला. माझ्यापुढं जमिनीवर दौत, टाक आणि दोन कागद. एकावर मोठ्या मास्तरांनी माफीनामा लिहिलेला. दुसरा कोरा.

“ह्याचं अक्षर चांगलं हाय म्हणत्यात,” देशमुख म्हणाले. “त्याच्याच हातानं लिवू द्या. साहेबाला बी दाखवता यील. लिव रे. लिवलंस की सोमवारपासून पुन्हा ओट्यावर.”

मजकूर लहान होता. माझे हातून घोर अपराध झाला. माझी पायरी मी विसरलो. वर्गाचे पूर्वीचे नियम योग्य आहेत. ते मी स्वखुशीने पाळीन.

स्वखुशीने.

“लिव लेकरा,” बा म्हणाला. “चार वळी हायत निस्त्या.”

मी कोऱ्या कागदाकडं पाहिलं.

“तुझी माय आजारी हाय. कुटं जायाचं आपुन?”

मी टाक उचलला. दौतीत बुडवला. बानं हात जोडले. देशमुखाकडं नाही, माझ्याकडं. माझ्या बापानं माझ्यापुढं हात जोडले. टाकाच्या टोकावरून शाईचा थेंब कोऱ्या कागदावर पडला. मला धुरपाचे पाय दिसत होते. आणि मला हेही दिसत होतं की मी लिहिलं नाही तर बाचं काय होईल. दोन्ही एकदम दिसत होतं. कोणी म्हणेल मी शूर होतो. नव्हतो.

“मी लिहिणार नाही,” म्हणालो.

एवढंच. टाक दौतीशेजारी ठेवला.

नोकरी गेली. बाची महारकी काढून घेतली. खळ्यावरचं धान्य बंद झालं. महिनाभरात आम्ही गाव सोडलं आणि मामाच्या आसऱ्याला गेलो. माय तिथंच वारली. गजराच्या मायनं तिची शाळा सोडवली. पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, गंगाखेडच्या पलीकडं. माझ्या नकारानं तिला सावली मिळाली नाही, उलट होता तो ओटाही गेला. बा माझ्याशी बोलायचा बंद झाला. भाकर पुढं सरकवायचा, पण बोलायचा नाही. त्यानं मला माफ केलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

मी गँगमध्ये रुळांखालची खडी उपसायला लागलो. काही वर्षं गेली. निजाम गेला. ज्या दिवशी फौजा आल्या त्या दिवशीही आम्ही खडीच उपसत होतो. पुढं ऐकलं, आमच्या शाळेवर नवा झेंडा लागला. मोठ्या मास्तरांनीच तो चढवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते मला पिंगळीच्या ठेसनावर भेटले. गाडीतून उतरले, मला ओळखलं, थांबले. डोक्यावर पांढरी टोपी होती.

“मास्तर,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्यासाठी ही हाक मी पहिल्यांदा ऐकली. “परत या. आता आपलं राज्य आलं. पहिल्या वर्गाला माणूस नाही. मी वर शब्द टाकतो.”

माझ्या हातात फावडं होतं. खोटं का बोलू? मला शाळा पाहिजे होती. खडूचा वास पाहिजे होता.

“आणि नियम?” मी विचारलं.

“नियम कसले आता?” ते हसले. “ते दिवस गेले. वहीत काही लिहायचं नाही, वाचायचं नाही. तुम्ही समजदार आहात. समजून वागायचं. ओटा आहेच.”

मी फावडं खाली ठेवलं.

“मग लिहून द्या,” मी म्हणालो.

“काय?”

“ओटा आहेच, हे. कोणी कुठं बसायचं, कोणी आत यायचं नाही. सगळं लिहा. तुमच्या अक्षरात. खाली तुमची सही.”

त्यांचं हसू गेलं. “काही लिहायचं नाही म्हणतोय ना मी.”

“मी लिहिलं होतं. दोन वर्षं वाचलं, दोन नकला केल्या. आता तुमची पाळी.”

ते पाठ फिरवून निघाले. मी त्यांना जाऊ दिलं. पण मनात पक्कं केलं. माझी पुढची सुट्टी आली की मी गावात जाणार. शाळेत जाणार. कागद, दौत, टाक घेऊन जाणार आणि सगळ्या पोरांदेखत तो कागद त्यांच्यापुढं ठेवणार. ज्याला नियम पाहिजे त्यानं तो स्वतःच्या हातानं लिहावा, स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचावा, रडणाऱ्या लेकराच्या डोळ्यांत बघून वाचावा. त्यांना ते जमत नसेल तर पोरं आत बसतील.

हाकललं तर पुढच्या सुट्टीला पुन्हा जाईन. मारलं तर लंगडत जाईन. माझा हात आता त्यांच्या कामाला मिळणार नाही.